डिफरन्शियलचा पिनियन नट आवळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाचं सील गळत असतं, कुणाला नट सैल वाटतो, कुणी बेअरिंगं बदलून जोडणीपर्यंत आलेलं असतं. मागच्या डिफरन्शियलचा पिनियन नट उघडण्याची वेळ आली की जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. आकडे अंदाज यावा म्हणून दिले आहेत. काम करताना तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडाच खरा धरा.

पिनियन नट म्हणजे नेमका कुठला?

प्रोपेलर शाफ्ट मागे जिथे डिफरन्शियलला जोडलेला असतो तिथे एक फ्लँज किंवा योक असतो. शाफ्ट सोडून बाजूला केला की फ्लँजच्या मधोमध, खोलगट जागेत एक मोठा नट दिसतो. तोच हा. तो ज्या दांड्यावर बसतो त्याच्या आतल्या टोकाला पिनियन हा लहान गिअर असतो आणि तो क्राऊन नावाच्या मोठ्या गोल गिअरला फिरवतो. सॉकेट बहुधा 24 ते 36 मिमीच्या दरम्यानचं लागतं आणि ते खोल, पातळ भिंतीचं असेल तर बरं, कारण फ्लँजच्या आत फारशी जागा नसते.

तो नट करतो काय? फ्लँज निघू नये म्हणून असतो ना?

ते त्याचं दुय्यम काम. पिनियनचा दांडा दोन टेपर रोलर बेअरिंगांवर फिरतो. एक दातांच्या मागे, मोठं. दुसरं फ्लँजकडे, थोडं लहान. दोघांच्या मध्ये दांड्यावर एक नळीसारखा स्पेसर असतो. नट आवळला की तो फ्लँजला आत ढकलतो, फ्लँज पुढच्या बेअरिंगच्या आतल्या रिंगला ढकलतो, ती रिंग स्पेसरला आणि स्पेसर मागच्या बेअरिंगच्या रिंगला. अशा रीतीने दोन्ही बेअरिंगं आपापल्या कपांमध्ये (बाहेरच्या रिंगांमध्ये) दाबली जातात आणि त्यांच्यात चाल उरत नाही, उलट थोडा दाब राहतो. हाच प्रीलोड.

हा दाब कमी पडला तर पिनियन लोडखाली मागेपुढे सरकतो, क्राऊनच्या दातांवर त्याची बसण्याची जागा बदलते, आणि दात आवाज करत झिजू लागतात. जास्त झाला तर बेअरिंगं तापतात आणि काही शे किलोमीटरांत त्यांच्या पृष्ठभागाचे पापुद्रे सुटू लागतात. पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथेच आहे: हा नट ‘किती घट्ट बसला’ याला फारसा अर्थ नाही, तो आवळल्यावर पिनियन फिरवायला किती जोर लागतो, ते मोजायचं असतं.

नट सैल झालाय हे कसं ओळखायचं?

गाडी सपाट जागी उभी करा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावा, मागचा अ‍ॅक्सल जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. आता फ्लँज दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा, मग आत-बाहेर ढकला-ओढा. या दोन्ही दिशांना हाताला जाणवेल इतकी कुठलीही चाल असेल तर काहीतरी बिघडलं आहे.

फ्लँज गोल फिरवून जी थोडी खटखट जाणवते ती वेगळी. ती क्राऊन-पिनियनच्या बॅकलॅशची (दातांमधल्या मोकळ्या चालीची), आतल्या लहान गिअरांची आणि अ‍ॅक्सलच्या खाचांची बेरीज असते. थोडीफार ती असणारच. अनेकजण ही गोल चाल पाहून नट आवळायला जातात आणि चांगली बेअरिंगं खराब करून बसतात.

चालत्या गाडीत खूण अशी: अ‍ॅक्सिलरेटर दिलेला असताना गाडी शांत आणि पाय काढताच मागून ‘हूंऽऽ’ असा आवाज. याला कारण आहे. इंजिन गाडी ओढत असतं तेव्हा दातांचा तिरकस आकार पिनियनला क्राऊनपासून बाहेरच्या दिशेला ढकलतो आणि तो भार दातांमागचं मोठं बेअरिंग घेतं. पाय काढला की भार उलटतो, पिनियन आत ओढला जातो. त्याला आत जाण्यापासून अडवतं ते फ्लँजकडचं लहान बेअरिंग, आणि त्या बेअरिंगला अडवून धरतो हाच नट. नट सैल असेल तर पाय काढल्यावरच पिनियनला सरकायला वाव मिळतो, म्हणून आवाजही तेव्हाच.

तरी निदान करण्याआधी युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा वळणारा सांधा, तपासा. वळणावर आवाज कमीजास्त होत असेल तर आधी चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्या.

सैल दिसतोय. तेवढ्यापुरता थोडा आवळून गाडी चालवली तर?

आधी तो सैल का झाला हे शोधा. हे नट स्वतःहून सहसा सुटत नाहीत. जुना नट पुन्हा वापरला असेल, त्याची कडा दांड्याच्या खाचेत ठोकायची राहिली असेल, किंवा (हेच जास्त वेळा सापडतं) बेअरिंग झिजल्यामुळे प्रीलोड संपला असेल आणि नट आपल्या जागीच असेल. झिजलेलं बेअरिंग नट आवळून भरून येत नाही. फ्लँजची चाल जाते, पण झिजून खडबडीत झालेले रोलर आणि कप आता दाबाखाली फिरतात, म्हणजे आधी जे हळू मरत होतं ते वेगाने मरतं.

फ्लँज हाताने सावकाश फिरवून पाहा. बेअरिंग चांगलं असेल तर तेलातली गुळगुळीत, एकसारखी फिरकी जाणवते. बोटांना खरखर लागली, कुठे अडकल्यासारखं झालं, किंवा काढलेल्या तेलात चकाकणारे पत्र्यासारखे तुकडे दिसले, तर नटाला हात लावू नका. डिफरन्शियल उघडायचंच आहे. ड्रेन प्लगच्या चुंबकावरचा राखाडी, मऊ लेप मात्र नेहमीचा. त्याने घाबरायचं कारण नाही.

मॅन्युअलमध्ये टॉर्क दिलेला असतो. टॉर्क रेंच लावून तेवढा आवळला की झालं ना?

ते स्पेसर कोणता आहे यावर ठरतं, आणि सगळा घोळ इथेच होतो.

स्पेसर दोन प्रकारचे. पहिला क्रश स्लीव्ह: मधोमध फुगीर असलेली पोलादी नळी, जी चेपण्यासाठीच बनवलेली असते. रिकामा पत्र्याचा डबा तळहातांमध्ये दाबून पाहिला आहे का? बराच वेळ तो दाद देत नाही आणि मग एकदम बसतो. ही स्लीव्ह तशीच वागते. नट आवळत जाता, आवळत जाता, काहीच बदलत नाही. 270 ते 400 न्यूटन-मीटर, काही अ‍ॅक्सलांत त्याहून जास्त टॉर्क लागतो, आणि मग ती चेपायला सुरुवात होते. तिथून पुढे नट अगदी थोडा फिरला तरी प्रीलोड झपाट्याने चढतो.

अशा अ‍ॅक्सलमध्ये नटाचा टॉर्क हे ध्येय नसतं. प्रत्येक स्लीव्ह थोड्या वेगळ्या जोराला चेपते, लॉकिंग नटाचं घर्षण वेगळं, आट्यांवर तेल आहे की नाही यावरही आकडा हलतो. मॅन्युअल बहुधा नटाचा किमान टॉर्क देतं आणि त्याच्याच शेजारी पिनियनचा फिरण्याचा टॉर्क देतं. आवळणं थांबवायचं ते दुसरा आकडा आला की. किमान टॉर्क गाठण्याआधीच प्रीलोड आला तर स्लीव्ह निकामी किंवा आधीच चेपलेली आहे, ती बदला.

दुसरा प्रकार सॉलिड स्पेसर, सोबत पातळ शिमा, म्हणजे जाडी जुळवायच्या चकत्या. हा चेपत नाही. प्रीलोड शिमांच्या जाडीवर ठरतो आणि नट दिलेल्या टॉर्कला पूर्ण आवळायचा. फक्त याच प्रकारात ‘रेंच लावली, आकडा आला, झालं’ असं म्हणता येतं. इथेही शेवटी फिरण्याचा टॉर्क मोजायचाच.

माझ्या गाडीत क्रश स्लीव्ह आहे की सॉलिड स्पेसर, बाहेरून कळेल का?

बाहेरून नाही. मॅन्युअल किंवा अ‍ॅक्सलच्या नंबरावरून पार्ट कॅटलॉग पाहा. कळत नसेल तर क्रश स्लीव्ह आहे असं धरून चाला. त्या समजुतीत नुकसान कमी.

प्रीलोड किती असावा?

मध्यम आकाराच्या बऱ्याच अ‍ॅक्सलांत नव्या बेअरिंगांना साधारण 1.7 ते 3.4 न्यूटन-मीटर आणि वापरलेल्या बेअरिंगांना त्याच्या निम्मा, 0.9 ते 1.7 न्यूटन-मीटर. हे फक्त पिनियन आणि त्याची दोन बेअरिंगं असतानाचे आकडे आहेत, क्राऊन बसवण्याआधीचे. नव्या बेअरिंगांचे पृष्ठभाग अजून एकमेकांत बसलेले नसतात म्हणून ती जड फिरतात. काही अंतर धावल्यावर तो आकडा आपोआप उतरतो. वापरलेल्या बेअरिंगांत ते उतरणं आधीच झालेलं असतं. म्हणून जुन्या बेअरिंगांना नव्याचा आकडा लावला की ती कायम जास्त दाबाखाली राहतात.

एककांचा गोंधळ होतो म्हणून: 1 न्यूटन-मीटर म्हणजे साधारण 10 किलो-सेंटिमीटर, किंवा 8.85 इंच-पाउंड. नट आवळायचा टॉर्क शेकड्यात आणि पिनियन फिरवायचा टॉर्क एक-दोनमध्ये. हे दोन आकडे एकाच पानावर छापलेले असतात आणि त्यांची अदलाबदल होते.

एवढा लहान टॉर्क मोजायचा कशाने?

‘खट्’ करणारी टॉर्क रेंच इथे उपयोगाची नाही. ती ठरावीक आकड्याला सुटते. फिरताना किती जोर लागतो ते दाखवत नाही. काटा असलेली डायल रेंच किंवा दांडा वाकून पट्टीवर आकडा दाखवणारी साधी बीम रेंच हवी, आणि तीही लहान मापाची. सॉकेट नटावर लावायचं, रेंच सावकाश, एकसारख्या वेगाने फिरवायची आणि फिरत असताना काटा कुठे स्थिर राहतो ते वाचायचं. पहिला झटका नेहमी जास्त असतो. तो सोडून द्या.

अशी रेंच नसेल तर जुनी पद्धत अजून चालते. फ्लँजच्या बाहेरच्या गोल कडेवर दोरीचे काही वेढे घ्या, टोकाला स्प्रिंगचा ताणकाटा अडकवा आणि दोरी स्पर्शरेषेत सरळ, सावकाश ओढा. काट्यावरचे किलो गुणिले फ्लँजची त्रिज्या. समजा कडेचा व्यास 10 सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या 5, आणि फ्लँज फिरत असताना काटा 3 किलोवर स्थिर आहे. 15 किलो-सेंटिमीटर, म्हणजे जवळपास 1.5 न्यूटन-मीटर. जाडजूड दोरी घेतली तर त्रिज्या वाढते, म्हणून बारीक सुतळी बरी.

प्रत्येक वाचनाआधी पिनियन दोन्ही दिशांना काही फेरे फिरवा. रोलर आपल्या जागी सरळ बसले नसतील तर आकडा खोटा येतो, आणि पुढच्या फेऱ्यात रोलर बसताच प्रीलोड गायब.

फक्त ऑइल सील बदलायचं आहे. सगळं उघडावं लागेल?

बेअरिंगं चांगली असतील तर नाही. पुष्कळ अनुभवी लोक क्रश स्लीव्ह तीच ठेवून सील बदलतात आणि काम नीट केलं तर ते टिकतं. काही उत्पादक मात्र नट उघडला की स्लीव्ह बदलाच असं लिहितात. तुमच्या मॅन्युअलमध्ये तसं असेल तर तो शब्द अंतिम.

सुरुवात मोजण्याने. दोन्ही मागची चाकं काढा, ड्रम किंवा कॅलिपरही काढा, म्हणजे ब्रेकची घासण आकड्यात येणार नाही. प्रोपेलर शाफ्ट आणि फ्लँज यांवर जुळणारी खूण करून शाफ्ट सोडा. तो त्याच जागी परत बसला नाही तर गाडी थरथरू शकते. युनिव्हर्सल जॉइंटच्या टोप्या सुटणाऱ्या असतील तर त्यांना चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर सुईइतके रोलर जमिनीवर विखुरतात. शाफ्ट लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा.

आता फ्लँज फिरायला किती टॉर्क लागतो ते मोजून लिहा. या आकड्यात क्राऊनची बेअरिंगं आणि अ‍ॅक्सलही आले आहेत, म्हणून तो मॅन्युअलच्या आकड्याशी जुळणार नाही. जुळायची गरजही नाही. हा तुमच्याच अ‍ॅक्सलचा ‘आधीचा’ आकडा आहे आणि नंतर याच्याशीच तुलना करायची आहे.

मग नट, दांड्याचं टोक आणि फ्लँज या तिघांवर पंचने एका रेषेत ठिपके उमटवा. मार्करची खूण तेलाने पुसली जाते. नटाबाहेर किती आटे दिसतात तेही मोजा किंवा फोटो काढून ठेवा. नट खाचेत ठोकलेला असेल तर ती कडा आधी छिन्नीने हलक्या हाताने उघडा. तशीच जबरदस्ती केली तर दांड्याचे आटे जातात, आणि मग पिनियनच बदलावा लागतो, तोही क्राऊनच्या जोडीसकट.

नट काढला की फ्लँज पुलरने ओढा. मागून हातोडीचे घाव घालू नका. प्रत्येक घाव रोलरमार्फत कपावर उमटतो. जुनं सील उचकटताना दांड्याला ओरखडा जाऊ देऊ नका. सील निघालं की त्यामागचं बेअरिंगही सैल होतं, ते बाहेर ओढू नका. नवं सील सपाट ठोकणीने सगळीकडून सारखं बसवा, ओठाला गिअर ऑइलचं बोट फिरवा. फ्लँज पुन्हा बसवताना तोही ठोकायचा नाही. नटच त्याला आत ओढेल.

मग नट जुन्या खुणेवर आणला की पुरे?

खूण ही सुरुवात आहे. जुना नट फिरवून खुणेपाशी आणा, मोजा, आणि मग अगदी थोडं पुढे जा. लक्ष्य असं: आधी लिहून ठेवलेला आकडा अधिक 0.3 ते 0.6 न्यूटन-मीटर. नव्या सीलचा ओठ दांड्याला जरा जास्त घट्ट धरतो आणि स्लीव्हला थोडा नवा चेप द्यावा लागतो, तेवढ्यासाठी हा वाढावा. एका वेळी पाच अंशांपेक्षा जास्त नट फिरवू नका. प्रत्येक वेळी फेरे द्या, मोजा.

नवा नट वापरत असाल, आणि तो वापरायलाच हवा, तर त्याच्यावर जुनी खूण नसते. मग जुन्या नटाने फ्लँज जागेवर आणून खूण जुळवा, तो काढून नवा लावा आणि आटे तेवढेच बाहेर येईपर्यंत आणा. शेवटचा निकाल फिरण्याच्या टॉर्कचाच.

फ्लँज नवा असेल तर खुणांचा काही उपयोग नाही. त्याची लांबी जुन्यापेक्षा किंचित वेगळी असू शकते, आणि इथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा खेळ आहे. अशा वेळी नवी क्रश स्लीव्ह घाला.

आवळताना जास्त झाला. थोडा मागे घेतला तर?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर तेच राहतं.

चेपलेली स्लीव्ह परत फुलत नाही. तुम्ही नट मागे घेतलात की बेअरिंगांच्या आतल्या रिंगांना एकमेकींविरुद्ध धरून ठेवणारं काही उरत नाही. मोजलं तर कदाचित हवा तो आकडा दिसेलही, पण तो फसवा आहे. पुढच्या बेअरिंगची आतली रिंग दांड्यावर सरकायला, फिरायला मोकळी होते, दांडा खाते, आणि नट पुढच्या काही दिवसांत सुटू लागतो. बाहेर काढा, नवी स्लीव्ह घाला, पुन्हा सुरुवात करा. म्हणूनच काम सुरू करताना एक जादा स्लीव्ह हाताशी ठेवावी. ती या सगळ्या कामातली सर्वात स्वस्त वस्तू आहे.

दोन स्लीव्ह वाया गेल्यावर अनेकजण सॉलिड स्पेसरकडे वळतात आणि मला ते पटतं. शिमा बदलून बदलून बेअरिंगं पुन्हा पुन्हा बाहेर काढावी लागतात, कंटाळवाणं काम आहे. शिम जाड केली की प्रीलोड कमी होतो, पातळ केली की वाढतो; नवशिक्यांचा इथे उलटा समज असतो. पण एकदा जुळलं की जुळलं. पुढच्या वेळी सील बदलताना नट ठरलेल्या टॉर्कला आवळायचा आणि निश्चिंत व्हायचं. जड ओझी ओढणाऱ्या किंवा खडकाळ वाटेवर चालणाऱ्या गाडीला तर मी हाच सुचवेन, कारण मोठ्या धक्क्यांनी क्रश स्लीव्ह आणखी चेपू शकते.

इम्पॅक्ट गन वापरली तर चालेल?

काढायला खुशाल वापरा. सॉलिड स्पेसर असेल तर फ्लँज आत ओढून घेण्यापुरतीही चालेल, शेवटचा टॉर्क रेंचने द्यायचा. क्रश स्लीव्हवर मात्र नवशिक्याने ती वापरू नये. वर्षानुवर्षं हेच काम करणारे गनचा छोटा झटका देऊन, हाताने फिरवून, पुन्हा झटका देऊन अचूक आकडा आणतात, हे खरं आहे. ते त्यांच्या बोटांत असतं. तुमच्या गनचा एक झटका स्लीव्हच्या पार जाईल.

मग एवढा जोर हाताने आणायचा कसा, आणि फ्लँज धरायचा कशाने?

लांबीने. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकावर 35 किलोचा भार दिला की 343 न्यूटन-मीटर होतात. पाऊण इंची चौकोनाचा मजबूत ब्रेकर बार आणि त्यावर लोखंडी पाइप, एवढं पुरतं. अर्धा इंची बार तुटू शकतो, आणि तुटतो तेव्हा तुमचा चेहरा बहुधा त्याच रेषेत असतो.

फ्लँज धरण्यासाठी जाड लोखंडी पट्टी घ्या, तिच्यात फ्लँजच्या दोन बोल्टांच्या अंतरावर भोकं पाडा, मध्ये सॉकेट जाईल एवढं मोठं भोक, आणि पट्टी बोल्टांनी फ्लँजवर पक्की करा. दुसरं टोक चॅसीच्या भक्कम भागाला किंवा जमिनीला टेकवा. ब्रेकचा पाइप, इंधनाची नळी किंवा वायर मध्ये येत नाही ना हे दोनदा बघा. जोर लावताना गाडी स्टँडवरून सरकणार नाही अशा दिशेने टेकवा.

पाइप पान्याने फ्लँज धरू नका. सील ज्या गुळगुळीत भागावर चालतं तिथे पान्याचे दात उमटले की नवं सील पहिल्याच दिवशी गळतं. दातांमध्ये लाकूड किंवा लोखंड अडकवून पिनियन थांबवणं ही तर शुद्ध नासाडी.

नट दरवेळी नवाच घ्यायचा का?

हो. बहुतेक पिनियन नटांचे आटे मुद्दाम किंचित दाबलेले असतात, म्हणजे ते सुटू नयेत. एकदा काढला की ती पकड बरीच जाते. कडा खाचेत ठोकून बसवायचा प्रकार असेल तर ठोकलेली जागा पुन्हा त्याच खाचेवर येत नाही. स्प्लिट पिनचा खाचांचा नट असेल तर पिन नवी घाला, आणि भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवा. मागे घेऊन कधीच नाही.

नटाच्या टेकणाऱ्या बाजूला थोडं तेल लावा, मॅन्युअलने आटे कोरडे ठेवा किंवा थ्रेड लॉकर लावा म्हटलं नसेल तर आट्यांनाही.

नट आवळल्याने क्राऊन-पिनियनची दातांची जुळणी बदलते का?

चांगल्या स्थितीतल्या अ‍ॅक्सलमध्ये नाही. पिनियन किती आत असावा हे मागच्या बेअरिंगजवळच्या शिमेवर ठरतं, बॅकलॅश क्राऊनच्या बाजूच्या शिमांवर किंवा अ‍ॅडजस्टरवर. बऱ्याच गाड्यांत तो 0.15 ते 0.25 मिमीच्या आसपास असतो. नटाचं यात काम नाही. म्हणून दातांचा आवाज नट आवळून घालवू पाहणारे फसतात.

पूर्ण जोडणी करताना क्रम काय?

आधी पिनियन, एकटा. खोली आणि दातांचा नमुना (क्राऊनवर पिनियनचे दात कुठे टेकतात ते) तपासायचा असेल तर सील न लावता, जुनी स्लीव्ह घालून किंवा स्लीव्हशिवाय हलक्या प्रीलोडवर, क्राऊन तात्पुरता बसवून जुळवून बघा. नमुना मनासारखा आला की सगळं उघडून नवी स्लीव्ह, नवं सील, नवा नट घाला आणि क्राऊन बसवण्याआधी प्रीलोड पक्का करा. क्राऊन आत असताना मोजलेला आकडा पिनियनचा नसतो.

सील बदललं, नटही नीट आवळला, तरी तेल येतंय.

तीन जागा बघा. अ‍ॅक्सलचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड, चिखलाने बुजला असेल तर गरम झाल्यावर आत हवेचा दाब वाढतो आणि तेल सर्वात कमकुवत सीलमधून बाहेर येतं. हे खरं तर सील बदलण्याआधी पाहायचं. फ्लँजच्या गळ्यावर जुन्या सीलने खाच पाडली आहे का ते नखाने तपासा. नख अडकलं तर पातळ दुरुस्ती स्लीव्ह चढवा किंवा फ्लँज बदला. आणि तेल सीलच्या कडेने न येता नटाच्या मधून येत असेल तर ते दांड्याच्या खाचांतून पाझरतंय. फ्लँज बसवताना खाचांच्या बाहेरच्या टोकाला आणि नटाच्या बैठकीला सीलंटचा पातळ हात फिरवला असता तर ते थांबलं असतं. आता पुन्हा उघडून तेवढं करावं लागेल.

काम झाल्यावर डिफरन्शियल गरम लागतंय. किती गरम म्हणजे जास्त?

डिफरन्शियल गरम होतंच, त्यामुळे हात टिकत नाही एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. पंधरा-वीस मिनिटं मध्यम वेगाने चालवून थांबा आणि पिनियनकडचं तोंड व मागचा गोल भाग यांची तुलना करा. लांबून तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. तोंड बाकीच्या भागापेक्षा ठळकपणे जास्त तापलं असेल, किंवा तिथून जळक्या तेलाचा वास येत असेल, तर प्रीलोड जास्त आहे. ‘चालवता चालवता सुटेल’ म्हणून सोडू नका. नवी बेअरिंगं असतील तर पहिले काहीशे किलोमीटर ओझं न ओढता, मधूनमधून थंड होऊ देत चालवा.

तेलाचं काय?

सील बदलताना थोडं सांडतंच, म्हणून पातळी तपासाच. भरायचा प्लग आधी उघडा, मग काढायचा. भरायचा प्लग अडकला आहे हे तेल काढून टाकल्यावर कळणं वाईट. गाडी सपाट असताना भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल. बऱ्याच मागच्या अ‍ॅक्सलांना जीएल-5 दर्जाचं 75डब्ल्यू-90 किंवा 80डब्ल्यू-90 चालतं. लिमिटेड स्लिप (एकच चाक घसरत फिरू नये म्हणून आवर घालणारा डिफरन्शियल) असेल तर त्याचं वेगळं अ‍ॅडिटिव्ह लागतं का ते बघा, नाहीतर वळताना मागून कुरकुर ऐकू येईल आणि तुम्ही पुन्हा पिनियन नटावर संशय घ्याल.